नळ दारात आला. सांडपाण्याची वाट कोणती?



गतवर्षी वैशाखाच्या अखेरीस निपाणीपासून थोड्या अंतरावरील एका गावी आजाऱ्यांच्या भेटीसाठी जाण्याचा आम्हांस योग आला. गावाचे नाव येथे देत नाही. कारण त्या गावी जे पाहिले ते थोड्याफार फरकाने आपणांपैकी पुष्कळांच्या गावी पाहावयास मिळेल. ज्या घरी गेलो तेथे बारा वर्षांचा एक मुलगा काविळीने अंथरुणास खिळला होता. त्याची विचारपूस करून आम्ही बाहेर आलो, तेव्हा मुलाच्या आजीने मोठ्या आग्रहाने अंगणातील नवा नळ आम्हांस दाखविला. निळ्या पट्ट्याची काळी नळी, सिमेंटचा छोटासा ओटा, आणि त्यावर घासूनपुसून ठेवलेली घागर. जिने चाळीस वर्षे डोक्यावरून आणि कमरेवरून पाणी वाहिले, तिला त्या नळाचे अप्रूप वाटावे यात नवल ते काय? ‘आजी, तुमचे कष्ट आता संपले,’ असे आम्ही म्हणालो. त्यावर ती माउली हसून म्हणाली, ‘फादर, पानी दारात आलंय खरं, जायाला वाट न्हाई बघा.’

तिने बोट दाखविले तिकडे आम्ही पाहिले. कडक उन्हाळा असूनही गल्लीत घोट्याइतका चिखल होता. घराघरांच्या मोऱ्यांचे पाणी उताराने वाहत येऊन एका खोलगट जागी साचले होते. त्या डबक्याच्या काठाशी डुकरे लोळत होती, आणि डबक्याच्या मधोमध नळयोजनेच्या व्हॉल्वचा खड्डा होता. तो काठोकाठ भरलेला होता. मुलास कावीळ नेमकी कशाने झाली, हे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. डॉक्टरांनी पाणी उकळून पिण्यास सांगितले होते, एवढे मात्र आजीने आम्हांस सांगितले. परमेश्वराच्या कृपेने मुलगा पुढे बरा झाला.

परत येताना गावातील काही मंडळी पारावर बसलेली भेटली. गल्लीतील डबक्याचा विषय आम्ही काढला. सर्वांचे उत्तर एकच होते : ‘सरकारनं नळ दिला, गटारबी सरकारच देईल की.’ कोणते सरकार, असे आम्ही विचारले, तेव्हा कोणी बेंगळुरूचे नाव घेतले, कोणी दिल्लीचे. पारापासून चाळीस पावलांवर ग्रामपंचायतीची इमारत उभी होती. तिचे नाव मात्र कोणाच्याही तोंडी आले नाही.

आजच्या लेखाचा विषय हाच आहे. गावाचे पिण्याचे पाणी आणि गावाचे सांडपाणी या दोहोंसाठी पैसा कोठून येतो, तो कोणाच्या हाती पडतो, आणि तो योग्य मार्गी लागावा म्हणून आपण घरची माणसे काय करू शकतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. विषय रुक्ष वाटेल; परंतु ज्या घरात कावीळ किंवा हगवण शिरून गेली आहे, त्या घराला तो रुक्ष वाटणार नाही.

थोडा मागील इतिहास पाहू. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला हा मुलूख मुंबई राज्यात होता. त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला. १९५९ साली म्हैसूर राज्याने ग्रामपंचायती व लोकल बोर्डे यांचा कायदा केला. विहिरी, गटारे, रस्ते, दिवाबत्ती ही कामे पंचायतीची मानली जात. परंतु काम पदरात घालून पैसा मात्र न देणे, असा तो काळ होता. चित्र बदलू लागले ते १९८३ नंतर. त्या वर्षी श्री. रामकृष्ण हेगडे यांच्या मंत्रिमंडळात ग्रामविकासाचे व पंचायतीचे खाते श्री. अब्दुल नझीर साब यांच्याकडे आले. गावोगावी विंधनविहिरी खोदून हातपंप बसविण्याचे काम या गृहस्थांनी इतक्या तळमळीने केले की, लोक त्यांस ‘नीर साब’ म्हणू लागले. कानडीत नीर म्हणजे पाणी. जिल्हा परिषदा व मंडल पंचायती यांचा १९८३ चा कायदा त्यांच्याच प्रयत्नांचे फळ होय. त्या कायद्याप्रमाणे १९८७ साली निवडणुका झाल्या, आणि पुढच्याच वर्षी ते निवर्तले. पाण्याचा प्रश्न आणि गावाच्या कारभाराचा प्रश्न हे दोन नसून एकच आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे १९९२ साली संसदेने राज्यघटनेची ७३ वी दुरुस्ती केली. ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिच्यायोगे घटनेस अकरावे परिशिष्ट जोडले गेले व त्यात पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय नमूद झाले. पिण्याचे पाणी हा त्यांतील एक, आणि आरोग्य व स्वच्छता हा दुसरा. कर्नाटकाने त्याच वर्षी नवा पंचायत कायदा केला. तोच पुढे ‘ग्राम स्वराज व पंचायत राज अधिनियम, १९९३’ या नावाने ओळखला जाऊ लागला. म्हणजे पारावरील मंडळींच्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने केव्हाच दिलेले आहे. पाण्याच्या बाबतीत पहिले सरकार म्हणजे ती चाळीस पावलांवरची इमारत.

आमच्या वडील वाचकांस ‘जल निर्मल’ योजना आठवत असेल. २००१ च्या अखेरीस जागतिक बँकेने तिला कर्ज मंजूर केले. उत्तर कर्नाटकातील ११ जिल्हे तीत होते, आणि आपला बेळगाव जिल्हा त्यांपैकी एक. गावाने मागणी करावी, गावाने लोकवर्गणीचा वाटा उचलावा, आणि तयार झालेली योजना ग्रामपंचायतीने आपली म्हणून चालवावी, हे तिचे तत्त्व होते. काही गावांनी ते मनापासून पाळले, काहींनी केवळ कागदावर पाळले. परंतु तत्त्व खोटे नव्हते; आजच्या योजनांतही तेच कायम आहे.

आता आजच्या पैशाकडे वळू. पाण्यासाठी मोठा पैसा आला तो ‘जल जीवन मिशन’ या केंद्रीय योजनेतून. तिची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. कर्नाटकात तिला ‘मने मनेगे गंगे’, म्हणजे घरोघरी गंगा, असे नाव मिळाले. ग्रामीण भागातील प्रत्येक घरी नळ आणि प्रत्येक माणसामागे दररोज ५५ लिटर पाणी, असे तिचे उद्दिष्ट. पूर्वी हे प्रमाण ४० लिटर धरीत. काम २०२४ पर्यंत पुरे व्हावयाचे होते. ते न झाल्यामुळे मुदत २०२८ पर्यंत वाढविण्याचे २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात जाहीर झाले. कर्नाटकासारख्या राज्यात खर्चाचा अर्धा भार केंद्राने व अर्धा राज्याने उचलावा, असे ठरले आहे. गावांतर्गत कामाच्या खर्चापैकी १० टक्के वाटा गावाने लोकवर्गणीने द्यावा, अशीही अट आहे. डोंगराळ व वनप्रदेशातील गावांस, तसेच अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांस तो ५ टक्के. वर्गणी रोख, साहित्यरूपाने किंवा श्रमदानाने देता येते. समजा, गावातील कामास ५० लाख रुपये लागले आणि घरे ४०० आहेत. तर गावाचा वाटा ५ लाखांचा, आणि घरटी तो १,२५० रुपये होतो.

दुसरा प्रवाह वित्त आयोगाचा. केंद्राने गोळा केलेल्या करांतून राज्यांस व स्थानिक संस्थांस किती द्यावे, हे हा आयोग दर पाच वर्षांनी सुचवितो. पंधराव्या आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. वाचकांनी येथे नीट लक्ष द्यावे. त्या रकमेपैकी ६० टक्के पैसा ‘बंधित’ ठरविण्यात आला, म्हणजे तो ठरलेल्या कामासच वापरता यावा. त्यातील निम्मा, म्हणजे एकंदर रकमेच्या ३० टक्के, पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. आणि उरलेला ३० टक्के स्वच्छतेसाठी, मैल्याच्या व घरगुती घाणीच्या व्यवस्थेसाठी. नळ आणि गटार यांस या हिशेबात समान मान मिळाला होता. त्यापुढील पाच वर्षे सोळाव्या वित्त आयोगाची आहेत. आयोग बदलला तरी आपला प्रश्न तोच राहतो : आपल्या पंचायतीस स्वच्छतेसाठी किती मिळाले, आणि ते कोठे लागले?

तिसरा प्रवाह ‘स्वच्छ भारत मिशन’चा. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या या मोहिमेत शौचालयासाठी पात्र कुटुंबास १२,००० रुपये मिळत, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठीही रक्कम ठरविण्यात आली, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. ५,००० पर्यंत वस्तीच्या गावास माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावास माणशी ६६० रुपयांपर्यंत, असे ते प्रमाण. यातील ३० टक्के वाटा पंचायतीने वित्त आयोगाच्या अनुदानातून घालावयाचा. दोन हजार वस्तीचे गाव धरले, तर एकूण मर्यादा ५,६०,००० रुपये होते; पैकी १,६८,००० पंचायतीचे आणि ३,९२,००० मिशनचे. ही रक्कम मोठी नव्हे. साऱ्या गावात भुयारी गटार घालण्यास ती मुळीच पुरणार नाही. परंतु शोषखड्डे, उघड्या गटारांची दुरुस्ती आणि गावाबाहेर सांडपाणी मुरविण्याची सोय, एवढी सुरुवात तीत होऊ शकते.

मग नळ आला आणि गटार का आले नाही? आमच्या मते याचे पहिले कारण साधे आहे. नळाची मागणी सर्वांनी केली. गटाराची कोणी केली नाही. पाणी हवे असते ते माझ्या घरात, आणि सांडपाणी नको असते ते माझ्या दारात. ते शेजाऱ्याच्या दारात गेले की आपण निश्चिंत होतो. शेजारी ते पुढील घराकडे वळवितो, आणि शेवटी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या गरिबाच्या भिंतीशी ते मुरते.

या पाण्याचा हिशेब आपण कधी केला आहे काय? दोन हजार माणसांच्या गावात माणशी ५५ लिटर पाणी आले, तर दररोज १,१०,००० लिटर होते. अंघोळ, धुणे, भांडी यांत वापरून झाल्यावर त्याचा तीन-चतुर्थांश भाग मोरीतून बाहेर पडतो असे धरले, तरी ८२,५०० लिटर सांडपाणी दररोज होते. दहा हजार लिटरचे आठ टँकर रोज सकाळी आपल्या गल्लीत कोणी ओतू लागला, तर आपण त्यास गावातून हाकलून देऊ. आज ते आठ टँकर आपणच ओतीत आहोत.

ही चूक केवळ आपली नव्हे. मोठमोठ्या शहरांनीही ती केली आहे. एकोणिसाव्या शतकात लंडन शहरात घरोघर पाणी खेळू लागले, तशी शौचकूपे वाढली आणि सारी घाण थेम्स नदीत जाऊ लागली. तेच पाणी लोक पीत. १८५४ साली तेथील सोहो भागात पटकी उसळली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी आजाऱ्यांची घरे नकाशावर मांडून दाखविले की, रोगाचा उगम रस्त्यावरील एका पंपाच्या पाण्यात आहे. तरीही मोठी गटारे बांधण्यास शहर तयार झाले ते १८५८ च्या उन्हाळ्यात, नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरली तेव्हा. मुंबईसही विहार तलावाचे पाणी १८६० साली मिळाले, आणि गटारांची नीट व्यवस्था मागाहून पुष्कळ वर्षे चालली.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या शेजारच्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची साथ येऊन हजारो लोक आजारी पडले व अनेकांचे प्राण गेले. दूषित पाणी हेच तिचे मूळ होते. २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात आपल्याच जिल्ह्यातील रामदुर्ग तालुक्यात मुदेनूर गावी दूषित पाणी पिऊन अनेक गावकरी आजारी पडले, आणि तेथेही मृत्यू झाले. पंचगंगा नदी शहरांचा मैला पोटात घेऊन नरसोबावाडीस कृष्णेला मिळते, आणि तीच कृष्णा पुढे आपल्या जिल्ह्यात येते. वरच्यांनी सोडले ते खालच्यांनी प्यावे, असा हा क्रम आहे. वेदगंगेच्या आणि दूधगंगेच्या काठी राहणाऱ्या आपणांसही कोणीतरी खालचे आहेतच.

नळीच्या पाण्यात घाण शिरते कशी, हे पुष्कळांना समजत नाही. नळास पाणी चोवीस तास नसते. ते दिवसाआड किंवा चार दिवसांनी तासभर येते. पाणी चालू असते तोवर नळीत दाब असतो, आणि एखादा जोड सैल असला तरी पाणी बाहेर पडते, आत काही येत नाही. पाणी बंद झाले की दाब उतरतो. अशा वेळी तो सैल जोड डबक्यात बुडालेला असला, तर बाहेरील घाण आत ओढली जाते. आणि पुन्हा पाणी सुटते तेव्हा पहिल्या घागरीबरोबर ती घरात येते. बेळगाव शहराच्या काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला, त्याचा एक मोठा लाभ हाच की, नळीत दाब सतत राहतो. खेड्यास एवढी सोय इतक्यात मिळणार नाही. म्हणून खेड्याने व्हॉल्वचे खड्डे कोरडे ठेवणे, नळी गटारातून न नेणे, आणि पहिले पाणी पिण्यासाठी न भरणे, हे नियम पाळलेच पाहिजेत.

सांडपाण्याची व्यवस्था सर्व गावी एकसारखी होणार नाही. आपल्या भागात दोन प्रकारच्या जमिनी आहेत. खानापूरकडे तांबडी, जांभ्या दगडाची जमीन. ती पाणी लवकर पिते. तेथे घरामागे शोषखड्डा खणून त्यात दगड-खडी भरली आणि पाणी आधी एका लहान टाकीतून गाळून आत सोडले, तर तो उत्तम काम देतो. मात्र अशाच सच्छिद्र जमिनीत मैल्याचे पाणीही लवकर पसरते. म्हणून शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान १० मीटर दूर असावा, आणि जेथे शक्य असेल तेथे त्याहूनही अधिक. उलट निपाणी-चिकोडीकडील काळी जमीन पाणी पीत नाही. पावसाळ्यात ती फुगते व तिची छिद्रे मिटतात. तेथे नुसता शोषखड्डा खणला तर तो वर्षभरात तुंबून नवे डबके होतो. अशा गावी पक्क्या गटाराने पाणी गावाबाहेर नेऊन तळ्यात स्थिर करणे, आणि मग शेतास देणे, हाच मार्ग होय. परसात चार केळी, अळू किंवा कर्दळ लावून त्यांस मोरीचे पाणी देणे हा आपल्या आजीचा उपाय तर दोन्हीकडे चालतो, आणि त्यास कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.

शौचालयाबाबतही एक शब्द. दोन खड्ड्यांचे शौचालय बांधले, तर एक खड्डा भरल्यावर दुसरा वापरावा. पहिल्यातील मैला वर्ष-दोन वर्षांत खत होऊन जातो, आणि तो कोणाही माणसाला हाताने उपसावा लागत नाही. पुष्कळ घरी मात्र एकच मोठी टाकी बांधतात, ती भरली की उपसणारी गाडी बोलावतात, आणि गाडीवाला ती ओढ्यात रिकामी करून येतो. पैसे आपण दिले, आणि घाणही आपणच प्यालो.

आता एका अप्रिय गोष्टीकडे वळले पाहिजे. योजना बांधण्यास सरकार पैसा देते. ती चालविणे पंचायतीवर येते. पंपाच्या विजेचे बिल, वॉटरमनचा पगार, ब्लीचिंग पावडर, जळालेली मोटार, फुटलेली नळी, हा खर्च दरमहा असतो. तो मुख्यतः पाणीपट्टीतून भागावयाचा असतो. समजा, ४०० घरांस दरमहा १०० रुपये पट्टी आहे. सर्वांनी ती भरली तर ४०,००० रुपये जमतात. निम्म्यांनीच भरली तर २०,०००. वीजबिल मात्र निम्मे होत नाही. बिल थकते, मोटार जळाली की दुरुस्तीस पैसा नसतो, आणि लाखो रुपयांची योजना काही हजारांसाठी अडून बसते. मग बाया पुन्हा घागरी घेऊन विहिरीवर जातात.

यावर आमचे वाचक म्हणतील, ‘फादर, पाणीच वेळेवर येत नाही, तर पट्टी कशाची भरावी?’ हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पुष्कळ ठिकाणी नळ्या उथळ पुरल्या गेल्या, रस्ते उकरून तसेच टाकले गेले, आणि झऱ्याचा किंवा विंधनविहिरीचा पुरवठा पुरेसा आहे की नाही हे न पाहताच घरोघर नळ जोडले गेले. वरच्या पातळीवरही दोष आहेत. कर्नाटकात जिल्हा व तालुका पंचायतींची मुदत २०२१ साली संपली, तरी त्यांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबत गेल्या. आणि वित्त आयोगाचे अनुदान निवडून आलेल्या संस्थेसच मिळावे असा दंडक असल्यामुळे त्या दोन पातळ्यांचा वाटा अडला. हे सर्व खरे आहे. परंतु पट्टी न भरल्याने यातील एकही दोष दूर होत नाही. पट्टी भरलेली पावती हातात असलेल्या माणसास ग्रामसभेत उभे राहून जाब विचारता येतो. ज्याने भरलेलीच नाही तो प्रथम मान खाली घालतो, आणि चुकार कंत्राटदाराला तेच हवे असते.

ग्रामसभा म्हटली की आपले लोक आणखी एक अडचण सांगतात. नोटीस कानडीत, हिशेब कानडीत. आपल्या वडील माणसांस ते वाचता येत नाही. ही अडचण आम्ही दररोज पाहतो, आणि तीमागील दुःखही जाणतो. सीमेचा प्रश्न महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला; त्याविषयी मत देण्याचे हे स्थान नव्हे. परंतु त्या प्रश्नाच्या निकालाची वाट आपल्या गल्लीतील डबके पाहत नाही. काविळीचा रोग मराठी घर आणि कानडी घर असा भेद करीत नाही; एकाच व्हॉल्वचे पाणी दोघेही पितात. शिवाय आता आपली मुले शाळेत कानडी शिकतात. ज्या घरातील मुलगी नववी-दहावीत आहे, त्या घरात पंचायतीचा कागद वाचणारे माणूस आहे. तिला सोबत न्या. ती वाचील, आपण विचारा, आणि मराठीतच विचारा. ग्रामसभा सहा महिन्यांतून निदान एकदा तरी भरलीच पाहिजे, असे कायदा सांगतो. तेथे बोलण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे.

विचारावे काय? आम्ही पाच प्रश्न सुचवितो. पहिला : गेल्या वर्षी वित्त आयोगाचा बंधित निधी किती आला, पाण्यासाठी किती आणि स्वच्छतेसाठी किती खर्च झाला? दुसरा : गावाच्या विकास आराखड्यात सांडपाण्याचे कोणते काम घातले आहे? हा आराखडा व त्याचा खर्च आता सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. घरच्या मोबाईलवर मुले तो काढून देतील. तिसरा : पाणीपट्टी किती जमली, थकबाकी किती, आणि वीजबिल किती? चौथा : पाण्याची तपासणी शेवटची केव्हा झाली, आणि तिचा निकाल काय? पाचवा : गावाच्या पाणी व स्वच्छता समितीवर कोण कोण आहेत? या समितीत १० ते १५ सदस्य असावेत व त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे जल जीवन मिशनचे नियम सांगतात. ज्यांनी आयुष्यभर पाणी वाहिले त्यांच्याहून पाण्याची जाण अधिक कोणास असणार? तरी पुष्कळ ठिकाणी त्यांची नावे कागदावर असतात आणि सह्या त्यांचे यजमान करतात. ज्या भगिनींची नावे अशी आहेत त्यांनी पुढच्या बैठकीस स्वतः जावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

हे सर्व लिहिण्यापूर्वी एका रविवारी प्रार्थनेनंतर आम्ही देवळाच्या अंगणात जमलेल्या मंडळींस सहज विचारले, ‘गेल्या ग्रामसभेस आपणांपैकी किती जण गेले होते?’ तीन हात वर आले, आणि त्यांतील एक पंचायत सदस्याचाच होता. आम्ही त्यांस बोल लाविला नाही. कारण त्या प्रश्नाचे आमचेही उत्तर नकारार्थीच होते. आम्हीही त्या गावचे पाणी पितो, आम्हीही मतदार आहोत, आणि ग्रामसभा म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी काम, अशीच आमचीही समजूत होती.

असो. त्या आजीची हकीकत सांगून आजचे लिखाण पुरे करतो. पावसाळा सरल्यावर गल्लीतील तरुणांनी स्वतःच एक शोषखड्डा खणला. काळ्या जमिनीत तो दोन महिन्यांत तुंबला. तेव्हा त्यांस पक्क्या गटाराची आवश्यकता पटली. पुढच्या ग्रामसभेस त्या गल्लीतून अकरा माणसे गेली. त्यांत आजी होत्या आणि कागद वाचावयास त्यांची नातही होती. गटाराचे काम आराखड्यात घातले गेले, आणि व्हॉल्वचा खड्डा उंच करून त्यावर झाकण बसविण्यात आले. गटार अद्याप झालेले नाही. परवा आम्ही गेलो तेव्हा डबके थोडे लहान झाले होते, इतकेच. ‘फादर, झालं न्हाई अजून,’ आजी म्हणाल्या, ‘खरं आता आम्ही इचारतोय.’

वाचकहो, आपल्या गावची पुढची ग्रामसभा कोणत्या दिवशी आहे, हे उद्याच पंचायतीत जाऊन विचारून या.